दुसऱ्याच्या टॉवरवर

थेरगावच्या डांगे चौकात उभं राहून मोबाइलच्या सेटिंगमध्ये जा. नेटवर्क ऑपरेटर निवडायची जागा शोधा आणि तिथलं ‘ऑटोमॅटिक’चं बटण बंद करा. फोन मिनिटभर आजूबाजूचा कानोसा घेईल आणि एक छोटी यादी समोर ठेवेल : एअरटेल, जिओ, व्होडाफोन आयडिया, बीएसएनएल. काही फोनवर नावांऐवजी नुसते आकडे उमटतात. ४०४ हा भारताच्या संकेतांकांपैकी एक, आणि त्यापुढचे दोन आकडे कंपनीचे व सर्कलचे. ४०४ ९० म्हणजे महाराष्ट्रातलं एअरटेल, ४०४ ६६ म्हणजे महाराष्ट्रातलं बीएसएनएल. आता आपलं सिम ज्या कंपनीचं नाही अशा एखाद्या नावावर बोट ठेवा. काही सेकंद ‘नोंदणी सुरू आहे’ असं दिसेल आणि मग फोन सांगेल की या नेटवर्कवर जाता येत नाही.

यात गंमत अशी की तांत्रिक बाजूने काहीच अडलेलं नसतं. त्या टॉवरच्या लहरी तुमच्या फोनला स्वच्छ ऐकू येतात, म्हणून तर नाव यादीत आलं. तुमच्या फोनची हाकही टॉवरपर्यंत पोचते. पलीकडून उत्तरसुद्धा येतं, फक्त ते नकाराचं असतं. मोबाइलच्या जागतिक मानकांत या नकारांना क्रमांक आहेत. ११ क्रमांकाचा अर्थ ‘या नेटवर्कवर परवानगी नाही’, १३ चा अर्थ ‘या भागात रोमिंगला परवानगी नाही’. ११ क्रमांकाचा नकार मिळाला की सिम त्या नेटवर्कचं नाव आपल्या ‘वर्ज्य’ यादीत टिपून ठेवतं आणि आपण होऊन पुन्हा त्या दारात जात नाही.

आता याच चौकातून हिंजवडीच्या आयटी पार्ककडे निघालेला एखादा जर्मन इंजिनिअर घ्या. त्याच्या खिशात त्याच्या देशातलं सिम आहे. त्याच्या कंपनीचे आपल्याकडच्या दोन-तीन कंपन्यांशी करार असतील, तर त्याचा फोन त्यांतल्या कुठल्याही टॉवरवर जातो आणि एकाची रेंज गेली की बिनबोभाट दुसऱ्याचा हात धरतो. म्हणजे थेरगावातल्या टॉवरांवर थेरगावकरांपेक्षा पाहुण्याला मोकळीक जास्त! फोन कुणाच्या टॉवरवर जाणार हे लहरी ठरवत नाहीत. ते करार, परवाने आणि कधीकधी न्यायालयाचे निकाल ठरवतात.

परक्या टॉवरवर नेमकं काय घडतं ते आधी पाहू. प्रत्येक सिमला एक पंधरा आकडी ओळख असते. आपला दहा आकडी मोबाइल नंबर तो नव्हे; हा क्रमांक आपल्याला कधी दिसतही नाही. भारतीय सिमवर त्याची सुरुवात ४०४ किंवा ४०५ ने होते. त्यामुळे टॉवरमागच्या यंत्रणेला पहिल्या पाच-सहा आकड्यांवरूनच कळतं की हे गिऱ्हाईक आपलं की दुसऱ्याचं. दुसऱ्याचं असेल आणि करार असेल, तर ती यंत्रणा थेट मूळ कंपनीकडे चौकशी करते : हा तुमचाच ना, याला कॉल द्यायचे का, डेटा द्यायचा का, आणि हा खरा कशावरून? थेरगाव-वाकडमध्ये फ्लॅट भाड्याने देताना घरमालक भाडेकरूची पोलीस पडताळणी करून घेतो, तसाच हा प्रकार. फक्त ही पडताळणी दोन-चार सेकंदांत उरकते.

‘खरा कशावरून’ या प्रश्नाचं उत्तर फार देखणं आहे. सिमच्या चिपमध्ये १२८ बिटांची एक गुप्त किल्ली कोरलेली असते. तिची दुसरी प्रत मूळ कंपनीच्या सर्व्हरवर असते. मूळ कंपनी एक यादृच्छिक आकडा आणि त्याचं अपेक्षित उत्तर परक्या नेटवर्कला देते. परकं नेटवर्क तो आकडा फोनकडे फेकतं. सिम आपल्या किल्लीने त्या आकड्यावर गणित करतं आणि निव्वळ उत्तर परत पाठवतं. दोन्ही उत्तरं जुळली की दार उघडतं. या सगळ्यात किल्ली सिमच्या बाहेर पडतच नाही, म्हणून परक्या कंपनीच्या टॉवरवर राहूनही तिला तुमच्या सिमची नक्कल करता येत नाही. पुढे तुम्ही किती मिनिटं बोललात, किती एमबी वापरलंत याच्या नोंदी ठरावीक नमुन्यातल्या फायलींतून मूळ कंपनीकडे जातात आणि महिन्याअखेर दोन कंपन्या आपसांत हिशेब मिटवतात.

मूळ कंपनीच्या नोंदवहीत त्याच वेळी आणखी एक गोष्ट लिहिली जाते : ‘हा सध्या अमुक नेटवर्कवर आहे’. तुम्हाला कुणी फोन लावला की आधी ही वही उघडली जाते आणि मग कॉल तिकडे वळवला जातो. पूर्वी रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, त्याचं कारण हेच वळण. फोन करणारा फक्त तुमच्या गावापर्यंतचे पैसे देई. पुढच्या टप्प्याचे तुमच्या माथी.

तुमचं गाव कोणतं, हे मात्र दूरसंचार खात्याच्या नकाशाने ठरवलेलं. मोबाइलसाठी देशाचे २२ तुकडे केलेले आहेत, त्यांना सर्कल म्हणतात. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा आहे, पण मुंबई नाही. नवी मुंबई आणि ठाणेही नाही. त्यामुळे लातूरहून चाकणच्या कारखान्यात कामाला आलेल्या मुलाचा फोन थेरगावच्या खोलीवर घरचाच राहिला. गडचिरोलीहून आला असता तरी तेच, पणजीहून आला असता तरी तेच. पण थेरगावचा माणूस एक्स्प्रेसवेने दोन तासांत घाट उतरून नवी मुंबईत शिरला की त्याच्यावर रोमिंग लागलं. पिंपरी-चिंचवड आणि मुंबई यांच्यात रोज हजारो लोकांची ये-जा. ‘रोमिंगमध्ये आहे, रात्री बोलू’ हे वाक्य त्या काळात इतकं रुळलं होतं की नको असलेला फोन टाळायलाही ते कामी यायचं.

त्यातही बीएसएनएलवाल्यांची तऱ्हा वेगळी होती. मुंबई आणि दिल्लीत बीएसएनएलची मोबाइल सेवाच नव्हती. ते क्षेत्र एमटीएनएलचं. म्हणून थेरगावचा बीएसएनएल ग्राहक मुंबईत उतरला की त्याच्या फोनवर एमटीएनएलचं ‘डॉल्फिन’ झळकायचं. दोन्ही कंपन्या सरकारच्याच, पण ग्राहकाच्या दृष्टीने हा दुसऱ्याच्या टॉवरवरचा मुक्काम. अलीकडे एमटीएनएलची सेवा बीएसएनएलच चालवू लागलं आहे.

मोबाइल आला त्या वेळी रोमिंग ही बड्या लोकांची गोष्ट होती. महाराष्ट्र सर्कलमध्ये सुरुवातीला दोनच कंपन्या होत्या : बिर्ला एटी अँड टी, म्हणजे पुढची आयडिया, आणि बीपीएल, जी पुढे हचकडे आणि मग व्होडाफोनकडे गेली. ९८२२ ने सुरू होणारा नंबर पहिलीचा, ९८२३ ने सुरू होणारा दुसरीचा. स्वतःच्या सर्कलमध्येसुद्धा येणाऱ्या कॉलला पैसे पडायचे. ते मे २००३ पासून थांबले. रोमिंगचे दर त्यानंतरही बरीच वर्षं चालू राहिले. २०१३ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने रोमिंगमधल्या येणाऱ्या कॉलची कमाल मर्यादा मिनिटाला ७५ पैसे ठरवली आणि १ मे २०१५ पासून ती ४५ पैशांवर आणली. त्याच वर्षी जूनमध्ये बीएसएनएलने येणारे कॉल देशभर फुकट केले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं ते रोमिंगचा आकार न लावताच, आणि १ एप्रिल २०१७ पासून एअरटेलनेही तो काढून टाकला. बाकीच्यांना मागोमाग यावंच लागलं. वीस वर्षं ‘तांत्रिक खर्च’ म्हणून सांगितली गेलेली गोष्ट स्पर्धेच्या एका धक्क्यात नाहीशी झाली, यावरून तो खर्च मुळात किती होता याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

पण दुसऱ्याच्या टॉवरची खरी लढाई झाली ती दूर प्रवासाला गेलेल्यांवरून नव्हे, घरी बसलेल्यांवरून.

२०१० साली सरकारने थ्रीजी लहरींचा लिलाव केला. महिनाभराहून जास्त चाललेल्या या लिलावातून सरकारी तिजोरीत सुमारे ६७,७०० कोटी रुपये आले. महाराष्ट्र सर्कलच्या एकेका हिश्शाला सुमारे १,२५८ कोटी मोजावे लागले आणि ते हिस्से मिळाले आयडिया, व्होडाफोन आणि टाटा यांना. एअरटेलला मुंबई मिळाली, दिल्ली मिळाली, पण महाराष्ट्र मिळाला नाही. देशभरातल्या सगळ्या सर्कलमध्ये थ्रीजी लहरी एकाही खासगी कंपनीच्या हाती लागल्या नाहीत. प्रत्येकीच्या नकाशात भोकं होती, आणि एकीचं भोक तिथे दुसरीचा टॉवर, अशी स्थिती.

मग एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया या एरवी एकमेकींचे ग्राहक पळवणाऱ्या तिघींनी २०११ मध्ये करार केला : जिथे माझ्या लहरी नाहीत तिथे माझ्या ग्राहकाला तुझ्या टॉवरवर घे, आणि उलट. एकाच सर्कलमध्ये, स्वतःच्या घरात बसून दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क वापरायचं, याला आंतर-सर्कल नव्हे तर सर्कल-अंतर्गत रोमिंग म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांनी तेच आयसीआर. थेरगावातल्या एखाद्या सोसायटीत एअरटेलचं सिम घालून थ्रीजीवर व्हिडिओ बघणारा मुलगा त्या काळात एअरटेलच्या थ्रीजी टॉवरवर नव्हताच, कारण महाराष्ट्रात तसा टॉवर असणंच शक्य नव्हतं. तो आयडिया किंवा व्होडाफोनच्या टॉवरवर होता. त्याला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. बिल एअरटेलचं, तक्रार एअरटेलकडे, वाटेतला रेडिओ मात्र दुसऱ्याचा.

दूरसंचार खात्याला हे मान्य नव्हतं. लिलावात पैसे न भरता मागल्या दाराने थ्रीजी विकण्याचा हा प्रकार आहे, असं खात्याचं म्हणणं. डिसेंबर २०११ मध्ये खात्याने करार थांबवायला सांगितलं. कंपन्यांचा युक्तिवाद असा की लहरींचे पैसे टॉवरवालीने भरलेलेच आहेत. तिने त्या कुणाच्या ग्राहकासाठी वापरल्या याने सरकारचं काय बिघडतं, आणि परवान्यात रोमिंगची मुभा आहेच. प्रकरण दूरसंचार लवादाकडे गेलं. तिथे जुलै २०१२ मध्ये दोन सदस्यांची मतं दोन दिशांना गेली, त्यामुळे निकाल लागूनही लागला नाही. पुढे खात्याने दंड ठोठावले, सर्कलमागे ५० कोटी. एअरटेलला सात सर्कलसाठी ३५० कोटी, आयडियाला ३००, व्होडाफोनला ५५०. एअरटेलच्या त्या सात सर्कलमध्ये महाराष्ट्रही होता, म्हणजे त्यातले ५० कोटी आपल्याकडच्या ग्राहकांपायी. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहरी नसलेल्या सर्कलमध्ये नवे थ्रीजी ग्राहक घेण्यास एअरटेलला मनाई केली. अखेर २९ एप्रिल २०१४ रोजी लवादाने कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला आणि दंड रद्द केले.

माझ्या मते हा निकाल बरोबर होता. टॉवर उभा आहे, लहरी विकत घेतलेल्या आहेत, त्यात जागा रिकामी आहे. मग शेजारच्या कंपनीचा ग्राहक त्यावर आला तर लहरींचा उपयोग वाढतो, कमी होत नाही. सरकारचा आक्षेप महसुलापुरता समजण्यासारखा असला, तरी त्याची किंमत शेवटी ग्राहकानेच मोजली असती. काळाने तर पुढे या वादाची थट्टाच केली. ३१ ऑगस्ट २०१८ ला व्होडाफोन आणि आयडिया एकाच कंपनीत विलीन झाल्या. दोघींची यंत्रणा जोडून होईपर्यंत एकीच्या ग्राहकाला दुसरीचा टॉवर मिळण्याची सोय याच सर्कल-अंतर्गत रोमिंगने केली. ज्यासाठी दंड झाला, तेच तंत्र विलीनीकरणाचा पूल ठरलं.

नेटवर्कने दार उघडलं तरी कधी फोनच आडवा येतो. रिलायन्स आणि टाटा इंडिकॉमच्या सीडीएमए फोनचा जमाना ज्यांनी पाहिला त्यांना हे सांगायला नको. त्यातल्या बहुतेक फोनमध्ये सिमच नव्हतं, नंबर फोनमध्येच भरलेला. कंपनी सोडायची तर फोन टाकून द्यायचा. पुढे हिंजवडीतल्या कंपन्यांमुळे अमेरिकेच्या वाऱ्या वाढल्या आणि येताना लोक तिकडचे कंत्राटी फोन घेऊन येऊ लागले. इथलं सिम घातलं की पडद्यावर कोड मागणारी चौकट. हे ‘सिम लॉक’ फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये असतं : अमुक संकेतांकाचं सिम असेल तरच चालू हो, एवढी सूचना. मूळ कंपनीने कोड दिला की ते सुटतं, नाहीतर मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात खटपट. त्यासाठी सिमखाली चिकटवायची कागदासारखी पातळ चकतीही मिळायची. ती फोनला बनावट ओळख दाखवून फसवायची आणि फोनचं पुढचं अपडेट आलं की बंद पडायची. अमेरिकेत ग्राहकाला लॉक काढण्याची कायदेशीर मुभा ऑगस्ट २०१४ च्या कायद्याने मिळाली. ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकायलाच बंदी घातली. आपल्याकडे लॉकची प्रथा फार रुजली नाही, कारण आपण फोन एकरकमी किंवा हप्त्याने विकत घेतो आणि सिम वेगळं. जिओफोन हा ठळक अपवाद. तो जिओच्या सिमवरच चालतो.

लॉक सुटलेला परदेशी फोनही इथे अडखळू शकतो. जिओ ४जी साठी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झ वापरतं. फोनला यातला पट्टा येत नसेल तर टॉवर समोर असून उपयोग नाही. परदेशातल्या मुलाने पाठवलेला फोन वापरायला काढण्याआधी त्याचे पट्टे मॉडेल क्रमांकावरून तपासून घ्यावेत, एवढं पुरे.

दुसऱ्याच्या टॉवरवर कायमचं राहायला जायचं असेल, तर त्याला आपण पोर्ट करणं म्हणतो. हरियाणात २५ नोव्हेंबर २०१० ला सुरू झालेली ही सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आली, आणि ३ जुलै २०१५ पासून सर्कल बदलूनही नंबर तोच ठेवता येऊ लागला. १९०० वर मेसेज केला की आठ अक्षरी कोड येतो, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. पडद्यामागे मात्र एक मोठी उलथापालथ झाली. पूर्वी ९८२२ दिसलं की कॉल आयडियाकडे पाठवायचा, इतकं सोपं होतं. आता नंबरावरून कंपनी ओळखता येत नाही. म्हणून कॉल लावणाऱ्याची कंपनी प्रत्येक वेळी पोर्ट झालेल्या नंबरांच्या यादीत पाहते, तिथून वाटेचा क्रमांक घेते आणि मगच कॉल पुढे सोडते. हे सगळं घंटी वाजायच्या आत.

पोर्टिंग नसतं तर काय झालं असतं, याची परीक्षा २०१८ च्या सुरुवातीला झाली. एअरसेलने ३० जानेवारीला महाराष्ट्रासह सहा सर्कलमधली सेवा बंद केली. ग्राहकांच्या हातात राहिलं ते निर्जीव सिम आणि बँकेशी, गॅसशी, शाळेशी जोडलेला नंबर. अनेकांना पोर्टिंगचा कोड मागवायलाही नेटवर्क नव्हतं. ट्रायला मुदती वाढवून द्याव्या लागल्या.

एवढे सगळे करार-मदार एका ठिकाणी मात्र गळून पडतात. पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ अशी ओळ दिसते, तेव्हा पुष्कळ जण रेंज गेली म्हणून फोन खिशात ठेवून देतात. त्या ओळीचा अर्थ उलटा आहे. तुमच्या कंपनीचा टॉवर नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी आहे, आणि ११२ लावलात तर तो तुमचा कॉल घेईल. मोबाइलच्या मानकांत आपत्कालीन कॉलला कंपनीचा भेद नाही.

मोठ्या आपत्तीत हीच मोकळीक सगळ्या कॉलना देता येते. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीला जम्मू-काश्मीरमध्ये पुराने टॉवर आणि केबल तुटल्या, तेव्हा दूरसंचार खात्याने तिथे सर्व कंपन्यांना सर्कल-अंतर्गत रोमिंग खुलं करायला लावलं. ज्याचा टॉवर जिवंत, त्याच्यावर सगळ्यांचे फोन. ज्या खात्याने एकेकाळी याच गोष्टीसाठी दंड लावले, त्यानेच हा आदेश काढला. त्याआधी १७ जानेवारी २०२५ रोजी सरकारी निधीतून उभारलेल्या २७,८३६ टॉवरांसाठी हीच व्यवस्था जाहीर झाली. अशा दुर्गम गावात टॉवर एकच असेल, तर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ या तिन्हींच्या ग्राहकांना तो चालावा, अशी ही योजना आहे.

ही सोय दुर्गम गावांपुरती ठेवण्याचं कारण मला दिसत नाही. ताम्हिणी किंवा माळशेजच्या वळणांवर एका कंपनीची रेंज असते आणि दुसरीची नसते, हे तिथे गाडी बंद पडलेल्या कुणालाही विचारा. पवना धरणातून विसर्ग वाढला, नदीकाठी पाणी शिरलं आणि वीज गेली, की टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत उतरतात, आणि सगळ्या कंपन्यांच्या एकदम उतरत नाहीत. घाटांत आणि पूररेषेतल्या वस्त्यांत पावसाळ्याचे चार महिने हे रोमिंग कायम खुलं ठेवावं, आदेशाची वाट पाहायला लावू नये. तंत्र तयार आहे, करारांचा नमुना तयार आहे आणि लवादाचा निकालही हाताशी आहे.

तोवर आपल्या हातातलं एवढंच. प्रकरणाच्या सुरुवातीला सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑटोमॅटिक’ बंद केलं असेल, तर ते पुन्हा चालू करा. नाहीतर रोमिंग खुलं झालं तरी फोन आपण होऊन दुसऱ्याच्या टॉवरवर जाणार नाही. देशातल्या देशात डेटा रोमिंगचं बटण चालू ठेवायला हरकत नाही, परदेशी विमानात बसण्यापूर्वी मात्र ते आठवणीने बंद करा. आणि ‘फक्त आपत्कालीन कॉल’ दिसलं तर ११२ लागतो, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच सांगून ठेवा.